व्यवसायाचा रकाना

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले मनोगत)



तीस वर्षांनी या हॉलमध्ये उभी आहे. माइक बहुतेक तोच असावा, कारण शिट्टी तशीच मारतोय.

समितीने मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषयही दिला होता. 'आयटीवर बोल, एआयमुळे नोकऱ्या जाणार का ते सांग, मुलांना कोणत्या ब्रँचला घालायचं ते सांग.' या प्रश्नांची उत्तरं मी जेवताना देईन, आणि ती ऐकून कोणाचंच समाधान होणार नाही. आत्ता दुसरंच बोलणार आहे. त्याला कारण आपल्या स्मरणिकेचा फॉर्म.

तो फॉर्म तुम्ही सगळ्यांनी भरलाय. नाव, माहेरचं नाव, तुकडी, पत्ता, रक्तगट, व्यवसाय. मी व्यवसायाच्या रकान्यात 'सॉफ्टवेअर इंजिनिअर, पुणे' असं लिहून पाठवून दिलं. दोन दिवसांनी माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचा फोन. ती समितीत आहे, तुम्ही ओळखलं असेलच. सकाळपासून जी सगळ्यांना रांगेत उभं करतेय ती.

"अगं, व्यवसायात इंजिनिअर एवढंच लिहिलंयस."

"मग? तेच करते मी."

"आणि ती कादंबरी कोणी लिहिली? तुझ्या सासूने?"

मी म्हटलं, "ते आपलं असंच गं. हौस म्हणून. थोडंफार लिहिते."

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नववीतही तू असंच केलं होतंस." आणि केटररचा फोन येतोय म्हणून तिने ठेवून दिला.

त्या रात्री मला झोप आली नाही. तेव्हा आज बोलायचं आहे ते या रकान्याबद्दल.

आधी इंजिनिअरचं सांगते, ते सोपं आहे. २००१ साली आम्ही कॉलेजमधून बाहेर पडलो तेव्हा आयटीत मंदी होती. कॅम्पसमधून नोकरी लागलेल्यांनाही 'थांबा, कळवतो' अशी पत्रं आली. मी सात महिने घरी बसून शेजारच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेतल्या. मग एकदाची पुण्याला रुजू झाले. पहिल्याच दिवशी गळ्यात पट्टा आला, त्यावर माझा घाबरलेला फोटो आणि खाली 'सॉफ्टवेअर इंजिनिअर'. माझी पदवी इलेक्ट्रॉनिक्सची. सी लँग्वेजचे जेमतेम वीस प्रोग्रॅम मी कॉलेजात केलेले, त्यातले निम्मे जर्नल पूर्ण करायचं म्हणून मैत्रिणीचं पाहून. पण त्या संध्याकाळी एसटीडी बूथवरून आईला 'मी इंजिनिअर झाले' हे मी खणखणीत सांगितलं. रिक्षावाल्याला सांगितलं, घरमालकिणीला सांगितलं. कोणी म्हटलं नाही, 'बघू, काय बनवलंत ते दाखवा.' पुढे एकदा माझ्या चुकीमुळे एका ग्राहकाची सगळी सिस्टिम रविवारी चार तास बंद पडली. सोमवारी साहेबांची बोलणी खाल्ली, पण बोलणी खातानाही मी इंजिनिअरच होते.

कादंबरीचं नेमकं उलटं. नऊ वर्षं लिहिली, पाच वेळा लिहिली, ३१२ पानांचं पुस्तक २०२२ साली छापून आलं. तरी कोणी विचारलं की तोंडातून 'थोडंफार' हाच शब्द. ३१२ पानं थोडी कशी आणि फार कशी, हे मलाच माहीत नाही.

आता नववी.

१९९३ साल. अनंत चतुर्दशीला प्रीतिसंगमावर विसर्जन बघून आपण उशिरा झोपलो होतो. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. सकाळी रेडिओवर बातमी लागली तेव्हा माझी आई पोळ्या लाटत होती. तिने लाटणं खाली ठेवलं आणि तशीच भिंतीला टेकून बसली. तवा जळायला लागला तरी उठली नाही. त्या रात्री तिने मला पहिल्यांदा स्वतःच्या भूकंपाची हकीकत सांगितली. ती पाटण तालुक्यातली. तिचं मूळ गाव कोयनेच्या धरणात गेलं, घरातली माणसं वर सरकून नवं घर बांधून राहिली, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ते नवं घरही पडलं. ती अकरा वर्षांची होती. आधी आवाज आला म्हणाली, जमिनीखालून भरलेला ट्रक गेल्यासारखा. त्याच्याही आधी शेळ्या ओरडल्या. पुढे दीड महिना सगळं गाव खळ्यात झोपलं, डिसेंबरच्या थंडीत, कारण छपराखाली जायची कोणाची हिंमत होईना. आमच्या घरी रात्री झोपायच्या खोलीचं दार आई कधी लावू देत नसे. का, ते मला त्या रात्री कळलं.

शाळेतून आपण किल्लारीसाठी कपडे, भांडी, धान्य गोळा केलं, आठवतंय ना? पोती कोणी उचलायची यावरून मुलांची मारामारी झाली होती. आणि मग, महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेत झालं असेल तसं, मराठीच्या तासाला निबंध आला: 'भूकंपग्रस्ताचे मनोगत'.

वर्गातल्या बासष्टांपैकी साठ जणांनी गाईडमधला उतरवला. 'होय, मी एक भूकंपग्रस्त बोलतोय' अशी सुरुवात, मधे निसर्गाचा कोप, शेवटी मदतीचा हात. रागावू नका, मीही पुढे तेच केलं, सांगतेच. पण त्या वेळी मी लिहिलं ते शेळीपासून. शेळी आधी ओरडली, मग आजी उठली, मग आवाज. आईने सांगितलेलं बरंचसं घेतलं आणि एक गोष्ट माझ्या मनाची घातली: एक धाकटा भाऊ, चार वर्षांचा, जो ढिगाऱ्याखाली राहतो. आईला धाकटा भाऊ नव्हताच. तो मी तयार केला, मारलाही मीच, आणि लिहिताना रडले. तो मजकूर वर्गात एकीनेच आधी वाचला होता. बाकावरच्या मैत्रिणीने, डबा खाताना.

वह्या तपासून आल्या. सरांनी मला उभं केलं. माझी वही हातात धरून वर्गाला दोन वाक्यं वाचून दाखवली आणि मला विचारलं, "हे कुठून उतरवलंस?"

'मीच लिहिलं, सर.' एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणाले, "दिवाळी अंकातून, सर."

"कोणत्या?"

"आठवत नाही."

सर म्हणाले, "निदान चांगल्या अंकातून तरी उतरवलंस." वर्ग हसला. दहापैकी तीन मिळाले. मैत्रिणीने बाकाखाली मला असा चिमटा काढला की दोन दिवस निळा डाग होता.

असं का म्हणाले, याचा मी खूप विचार केलाय. भित्री होते हे एक झालंच. पण दुसरं कारण असं की मीच लिहिलं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता: 'तुझा मामा वारला का?' आणि मला सांगावं लागलं असतं की असा मामा नाहीच, मी खोटं लिहिलं. शाळेत उतरवण्याला ठरलेली शिक्षा होती, गुण कापायचे आणि पुढच्या बाकावर बसवायचं. मनाने माणूस रचून त्याला मारण्याला काय शिक्षा असते, हे मला माहीत नव्हतं. म्हणून मी माहितीतला गुन्हा कबूल केला.

त्यानंतर मात्र मी खरोखरच गाईडमधले निबंध पाठ करून लिहायला लागले. दहावीच्या परीक्षेतही. ते कुठून उतरवले, असं मला कोणीही कधी विचारलं नाही.

पुढची वीस वर्षं भराभर गेली, त्यांत सांगण्यासारखं फार नाही. नोकरी, लग्न, मुलगी, गृहकर्ज, कोथरूड ते हिंजवडी कंपनीच्या बसमध्ये आयुष्यातले किती महिने गेले त्याचा हिशोब मी मुद्दाम केलेला नाही.

२०१३ साली आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला आली. डोळ्यावर पट्टी, टीव्ही बंद, वाचन बंद. तिला झोप येईना, म्हणून ती रात्री बोलत बसायची. पुन्हा तीच हकीकत, पण आता मी चौतीस वर्षांची आणि ती मला बाईमाणसासारखं सांगत होती. धरणात घर जाताना आजीने चुलीची माती पदरात बांधून नेली होती हे. मोबदल्याचे पैसे हातात आल्यावर घरात पहिल्यांदा दारू आली हे. मी फोनवर टिपून घेत गेले. ती परत गेल्यावर एका पहाटे लॅपटॉप उघडून पहिलं वाक्य लिहिलं. शेळीचंच होतं.

पावणेपाच ते सव्वासहा ही माझी वेळ. सव्वासहाला मुलीचा डबा. फाइल ज्या फोल्डरमध्ये ठेवायचे त्याचं नाव होतं 'गृहकर्ज कागदपत्रं', कारण त्या नावाचं फोल्डर घरात कोणीही आपणहून उघडत नाही. नवऱ्याला दोन वर्षांनी कळलं. तो म्हणाला, "मला वाटायचं तू ऑफिसचं काम करतेस." त्याने मला कधी अडवलं नसतं, हे मलाही माहीत होतं. तरी लपवलं.

लिहिता लिहिता पाटणला जाऊन आले, धरणग्रस्तांच्या नव्या वसाहतींत जाऊन बसले, १९६७ च्या वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली चाळल्या. कोयनेच्या भूकंपाचा आणि जलाशयातल्या पाण्याचा संबंध यावर जगभरच्या शास्त्रज्ञांनी इतकं लिहून ठेवलंय की मी तीन महिने तेच वाचत बसले. इंजिनिअरला असल्या वाचनात लपून बसता येतं. ज्या पाण्याने गाव नेलं त्याच पाण्याच्या भाराने नवं घरही पाडलं, हे आईला कधी कोणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आम्हाला वाटायचंच."

तिसऱ्या खर्ड्यात मात्र पार अडकले. वर्षभर फाइल उघडली नाही. तेव्हा मला आपल्या संस्कृतच्या बाई आठवल्या. बाई, तुम्ही समोर आहात. नववीत तुम्ही सांगितलं होतं की आपण मराठीत ज्याला कादंबरी म्हणतो तो शब्द बाणभट्टाच्या पुस्तकाच्या नावावरून आला. हिंदीवाले उपन्यास म्हणतात, गुजराती नवलकथा म्हणतात. आपण आणि कानडी लोक कादंबरी म्हणतो. आणि बाणभट्टाची ती 'कादंबरी' त्याच्या हयातीत पुरी झाली नाही, त्याच्या मुलाने पुरी केली. तेव्हा आम्ही हसलो होतो. चाळिशीला टेकताना ते आठवलं तेव्हा हसू आलं नाही. माझी मुलगी माझं काही पुरं करील अशी चिन्हं नव्हती, ती तेव्हा स्लाइम बनवत होती. मी पुन्हा पहाटेचा गजर लावला.

आता थोडं आमच्या धंद्यातलं सांगते. आम्ही प्रोग्रॅम लिहितो तेव्हा 'गिट' नावाची एक सोय वापरतो. तुम्ही केलेला प्रत्येक बदल ती नोंदवून ठेवते: काय बदललं, कधी बदललं, आणि कोणी. सवयीने मी कादंबरीही त्यातच ठेवली होती. त्यात एक कमांड आहे, तिचं नाव 'ब्लेम'. म्हणजे दोष द्या! सिस्टिम बंद पडली की आम्ही ती चालवतो, मग प्रत्येक ओळीसमोर ती ओळ शेवटची कोणी लिहिली त्याचं नाव आणि तारीख येते. ऑफिसात या कमांडमुळे मैत्र्या तुटल्या आहेत.

२०२० मध्ये हस्तलिखित एका प्रकाशकांकडे होतं. चौदा महिन्यांनी त्यांचा फोन आला. सज्जन माणूस, आवडलंही होतं त्यांना. पण म्हणाले, "हे पाटणकडचं बोलणं तुम्हाला कसं जमलं? कोणी लिहून दिलंय का?" आणि मी, एक्केचाळीस वर्षांची, पंचवीस माणसांची टीम सांभाळणारी बाई, काय म्हणाले? "हो, म्हणजे तसं आईनेच सांगितलंय सगळं." पुस्तक त्यांनी घेतलं नाही, पण तो मुद्दा नाही.

फोन ठेवला आणि हात थरथरायला लागले. शाळेतला तो तास जसाच्या तसा समोर आला, चिमट्यासकट. लॅपटॉप उघडला आणि सगळ्या कादंबरीवर ती ब्लेमची कमांड चालवली. स्क्रीनवर ओळीमागून ओळ सरकत गेली. प्रत्येक ओळीच्या अलीकडे माझं नाव, तारीख, वेळ. पहाटे ५:१०. पहाटे ५:४२. मुलीला ताप होता त्या रात्रीचे २:३०. सासरे गेले त्याच्या बाराव्या दिवसानंतरची पहाट. आईने सांगितलेलं एकही वाक्य जसंच्या तसं उरलेलं नव्हतं. ते मी पाच वेळा मोडून पुन्हा बांधलं होतं. मी तशीच बसून सगळं शेवटपर्यंत सरकू दिलं. डबा त्या दिवशी झाला नाही, मुलीने ब्रेड नेला.

एवढं झाल्यावर तरी मी ताठ मानेने सांगायला हवं होतं. पण नाही. दुसऱ्या एका प्रकाशकांनी खर्चाचा वाटा म्हणून साठ हजार मागितले, त्यांना नको म्हटलं. तिसऱ्यांनी घेतलं, लहान गावातले, पाचशे प्रतींची आवृत्ती. मजकूर माझ्या युनिकोडमधून त्यांच्या जुन्या फाँटमध्ये गेला आणि सगळे रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसले. चार प्रुफं झाली. पाठच्या पानावर लेखकाचा परिचय लागतो, तो मी लिहून दिला: 'व्यवसायाने संगणक अभियंता. लेखनाची आवड.' प्रकाशकांचा फोन आला. म्हणाले, "मॅडम, आवड भरतकामाची असते. मी इथे 'कादंबरीकार' लिहू का?" मी म्हटलं, नको, लोक हसतील. "कोणते लोक?" यावर मला उत्तर देता आलं नाही. अखेर 'आवड' राहिली. आजही पुस्तकावर तीच आहे.

मधल्या काळात मी इंजिनिअरच्या पद्धतीने नियम शोधायचाही प्रयत्न केला. कादंबरीकार म्हणवून घ्यायला किमान पात्रता काय? मराठीची पदवी म्हणावी, तर रंगनाथ पठारे संगमनेरच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत आणि त्यांच्या 'ताम्रपट'ला १९९९ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लहानपणापासूनचं वाचन म्हणावं, तर काशीबाई कानिटकर लग्नानंतर घरातल्यांच्या नजरा चुकवत वाचायला शिकल्या आणि पुढे त्यांनी 'रंगराव' लिहिली. निदान स्वतःचं नाव तरी? मालतीबाई बेडेकरांनी १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' विभावरी शिरूरकर या नावाने काढलं आणि ही बाई कोण म्हणून महाराष्ट्र शोधत बसला. त्यांना नाव लपवायला खरं कारण होतं, त्या काळात दगड पडले असते. मला काय होतं? सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप.

त्या ग्रुपवर पुस्तकाची बातमी कोणीतरी टाकली तेव्हा एकोणीस अंगठे आले आणि एक प्रश्न: 'तुम्हाला वेळ बरा मिळतो!' नातेवाइकांनी एकच विचारलं, आमच्यावर काही लिहिलं नाहीस ना. ऑफिसातल्या मुलांनी विचारलं याची ऑडिओ आवृत्ती आहे का. पाचशेतल्या साडेतीनशे प्रती गेल्या आहेत, उरलेल्यांतल्या काही माझ्या दिवाणाखाली आहेत. मानधनाचा जो चेक आला तेवढे पैसे मी महिन्याला कॅबवर घालवते.

आईने पुस्तक अकरा दिवस वाचलं, भिंगातून. मी रोज फोन करायचे, ती विषयच काढायची नाही. अकराव्या दिवशी म्हणाली, "शेळ्या दोन होत्या, तू एकच लिहिलीस." मग थांबली आणि म्हणाली, "तो बारका भाऊ बरा घातलास. आमच्या शेजारच्यांचा तसाच गेला होता. तुला कोणी सांगितलं?"

मला कोणीच सांगितलं नव्हतं.

परवा मैत्रिणीचा तो फोन झाला आणि मी ठरवलं की मेळाव्याच्या आधी सरांना भेटायचं. मराठीचे आपले सर. ते पहिल्या रांगेत बसलेत, आणि मी हे सगळं त्यांच्या परवानगीने सांगतेय. सर आता ऐंशीचे आहेत. पुस्तक मी त्यांना दोन वर्षांपूर्वी पोस्टाने पाठवलं होतं, माहेरचं नाव न लिहिता, म्हणजे बघा. त्यांच्या घरी गेले, चहा झाला, आणि मी नववीतला तो तास सांगितला.

सर म्हणाले, "मला आठवत नाही." मग बराच वेळ खिडकीकडे बघत बसले. मग म्हणाले, "त्या वर्षी गाईडांचा फार सुळसुळाट झाला होता. मी सगळ्यांनाच विचारत असेन. विचारलं त्यात काही चूक नाही. पण तू खोटं कबूल करतेयस हे मला कळायला हवं होतं. वाचणाऱ्याला कळतं ते. मी नीट वाचलं नाही." आणि लगेच, त्यांच्या त्याच आवाजात, "वही आहे का?"

"नाही सर, रद्दीत गेली."

"मग गुण कसे वाढवू?"

त्यांनी १९७५ च्या कराडच्या साहित्य संमेलनाची गोष्ट सांगितली. दुर्गाबाई भागवत अध्यक्ष, वर आणीबाणी, आणि सर तेव्हा तरुण शिक्षक, छातीला स्वयंसेवकाचा बिल्ला लावून मांडवाच्या दाराशी उभे. "लेखक कसा दिसतो ते बघायचं होतं मला," म्हणाले. "कोणी वेगळं दिसत नव्हतं. चपला हरवल्या म्हणून ओरडत होते सगळे."

मग त्यांनी मला प्रश्न विचारला. उभी राहूनच उत्तर दिलं मी, सवयीने.

"कादंबरीकार. समास ओळख."

"उपपद तत्पुरुष, सर."

"कुंभकार आपण शिकलो, तसाच. विग्रह?"

"कादंबरी करते ती."

"केलीस ना?"

"हो सर."

"कोणी केली?"

"मी केली, सर. मीच लिहिली."

सर उठले, कपाटातून पुस्तक काढलं. पुस्तक त्यांनी लाल पेन्सिलने तपासलंय. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पाननिहाय यादी केली आहे, सदतीस चुका. बऱ्याचशा ऱ्हस्व-दीर्घाच्या, काही त्या रफारांच्या, ज्या माझ्या नाहीत असं मी सांगून पाहिलं, पण सरांनी मान्य केलं नाही. पान ११७ वर एके ठिकाणी 'गोधडी' आहे तिथे 'वाकळ' हवं, असं त्यांचं म्हणणं आहे, आणि ते बरोबर आहे. यादी माझ्या पर्समध्ये आहे. दुसरी आवृत्ती निघाली तर दुरुस्त करीन, न निघाली तर दिवाणाखालच्या प्रतींवर हाताने करीन. शेळ्याही दोन करायच्या आहेत.

त्या संध्याकाळी मी मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, यादीची पानं प्रेसला गेली. मी म्हटलं, जाऊ दे मग. ती म्हणाली, "पुन्हा तेच?" आणि प्रेसवाल्याला थांबवून तिने रकाना बदलून घेतला. बाकाखालच्या चिमट्याबद्दल मी तिला विचारलं, तर म्हणाली, "मला उभं राहून सांगायचं होतं की ही हिने लिहिलंय. माझी हिंमत झाली नाही, म्हणून तुला चिमटा काढला." एकतीस वर्षं ही गोष्ट तिने मला सांगितली नव्हती.

तुमच्या हातात स्मरणिका आल्यावर माझ्या नावापुढे बघा. 'कादंबरीकार, सॉफ्टवेअर इंजिनिअर, पुणे.' रक्तगट बी पॉझिटिव्ह.

दुसरी कादंबरी चाळिसाव्या पानावर थांबली आहे. त्यात एक गणिताचे सर येतात. आपले गणिताचे सर समोर बसलेत, त्यांनी काळजी करू नये, ते मी रचलेले आहेत.

समितीने दोनदा हात केला आहे. जेवण तयार आहे म्हणतात.